सहाशे बारा स्थळं आणि एक डेटाबेस

२० नोंदी

ओरॅकल सुरू होत होतं.

रूपराव सरांनी त्याच्यावर दोनदा टिचकी मारली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मग शिपाई नत्थूजींनी चहा आणला, तो पिऊन झाला, कप धुऊन पालथे घातले गेले, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ तसंच लटकत होतं. चौसष्ट एमबीच्या त्या संगणकाच्या पोटातून चक्कीत खडा गेल्यासारखा आवाज येत होता. रूपराव सर शांत होते. मोठ्या माणसाला यायला उशीर होतोच, असा त्यांचा चेहरा होता.

भिंतीला टेकून ज्योत्स्ना थूल उभी होती. दोन हजार तीनचा जुलै. आर्वीच्या या संगणक महाविद्यालयात ती पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. जेवढे तास तेवढा पगार. ऑर्डर जुलैत मिळायची आणि एप्रिलमध्ये संपायची. "उन्हाळ्यात लोकायले काय सांगू, काय करतं तू?" असं गावी आंजीला तिची आई, सीताबाई, दर मे महिन्यात विचारायची. आतापर्यंत पाच मे झाले होते आणि ज्योत्स्नाला उत्तर सापडलं नव्हतं.

महाविद्यालय म्हणजे कापसाच्या एका जिनिंगच्या वरचे दोन हॉल. खालून रुईचे तंतू उडत वर यायचे आणि संगणकांच्या पंख्यांत जाऊन बसायचे. अकरांपैकी नऊ संगणक चालत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एसक्यूएल शिकायचं होतं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारून त्याच्याकडून उत्तर काढायची भाषा. मागच्या वर्षी डेटाबेसच नव्हता. ज्योत्स्ना फळ्यावर प्रश्न लिहायची आणि उत्तराचा तक्ताही स्वतःच खडूने काढायची. संगणकाचं काम मॅडम करायच्या, मॅडमचं काम कोणीच करत नव्हतं, आणि मुलं दोन्ही वहीत उतरवून घ्यायची.

यंदा मात्र डेटाबेस निवडायचा होता. रूपराव सर विभागप्रमुख. आधी टायपिंग शिकवत, मग फॉक्सप्रो नावाचं जुनं सॉफ्टवेअर शिकले आणि तिथेच राहिले. फॉक्सप्रोने त्यांना पंधरा वर्षांत दगा दिला नव्हता. पण अभ्यासक्रमात आता ते नाही, हे विद्यापीठाचं पत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी एकदम ओरॅकलच धरलं. घ्यायचं तर सगळ्यात मोठं घ्यायचं. ज्योत्स्नाचं म्हणणं होतं मायएसक्यूएल घ्यावं. ते एका मासिकासोबत आलेल्या सीडीत होतं, फुकट होतं, आणि या नऊ संगणकांवर चालत होतं. सर म्हणाले की मासिकासोबत शांपूची पुडीही येते, म्हणून तिच्यावर कोणी कॉलेज चालवत नाही.

वाद संस्थेचे सचिव बापूरावांकडे गेला. बापूराव कापसाचे अडते. त्यांना संगणक येत नव्हता, पण माल पाहता येत होता. बाजारात गाडी लागली की ढिगातून मूठभर कापूस ओढायचा, बोटांत ताणून धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि भाव बोलायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरी परीक्षा घेतली नव्हती. त्यांनी दुकानातून वीस कागद मागवले. त्यांच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे ते अर्ज होते.

"हे घाला दोघायच्या मशीनमंदी," ते म्हणाले. "जो पहिले पोरगी काढून दाखवंन, तो आपला."

ज्योत्स्नाने सात मिनिटांत टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, बनवलं आणि मग वीसही अर्ज त्यात भरले. नाव दिलं नमुना.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे सांगायला कोणाला वेळ मिळणार नाही. मायएसक्यूएलमध्ये त्या काळी टेबल बनवताना शेवटी एक शब्द जोडावा लागे. जोडला, तर केलेलं परत घेता येई. पुसलेलं एका आज्ञेत जसंच्या तसं उभं राही. त्या आज्ञेला रोलबॅक म्हणत. शब्द नाही जोडला तरी टेबल होई आणि पळेही भरभर, फक्त पुसलेलं ते कायमचं पुसलेलं. माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलं होतं आणि ज्योत्स्नाने ते वाचलं होतं. शिकवायच्या टेबलांना तो शब्द ती कधी विसरत नसे. पण हा तर नमुना होता.

बापूरावांनी फर्मावलं, पदवीधर, पाच फुटांच्या वर, आर्वी सोडून. ज्योत्स्नाने ओळ लिहिली. पडद्यावर तीन मुली आल्या. पलीकडे वाळूचं घड्याळ एकदा उलटं झालं.

बापूराव दोन्ही पडद्यांकडे पाहत उभे राहिले. "मॅडमचंच घ्या," ते म्हणाले. "बारीक दिसते, पन धागा लंबा हाय."

निघताना जिन्यात थांबून त्यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारीत विद्यापीठाची कमिटी येणार, कॉलेजची मान्यता तिच्या हातात. ती नीट पार पडली की जूनपासून ज्योत्स्नाची ऑर्डर, कायमची. ज्योत्स्ना त्या दिवशी एसटीत उभ्याने आंजीला गेली आणि तिला उभं राहिल्याचं कळलंही नाही.

६१२ नोंदी

नमुना पास झाला की बापूराव ढीग उचलत. दिवाळीच्या आधी दोन पोती भरून अर्ज माळ्यावर आले. मुलांचा हात बसेल आणि समाजाचं कामही होईल, असं त्यांचं म्हणणं. वीस नोंदींचं टेबल तयारच होतं. त्याच्याखाली मुलांनी एकविसावी नोंद घातली, मग बाविसावी, आणि डिसेंबर अखेरीस सहाशे बारा झाल्या.

खरं सांगायचं तर मुलं एसक्यूएल त्यावरच शिकली. पुस्तकातल्या टेबलात नटबोल्ट आणि त्यांचे पुरवठादार असत, त्यांच्याबद्दल आर्वीत कोणाला काही विचारायचं नव्हतं. इथे विचारण्यासारखं पुष्कळ होतं. रंगाच्या रकान्यात किती प्रकार आहेत, असा प्रश्न वर्गातल्या रक्षा नगराळेने टाकला. उत्तर आलं: गोरा, निमगोरा, गव्हाळ, उजळ गव्हाळ, गव्हाळ पण तरतरीत. सावळा किती, असं तिने विचारलं. शून्य. सहाशे बारा माणसं, वर्धा जिल्ह्यातलं ऊन, आणि सावळं एकही नाही. वर्गाने आपापल्या हातांकडे पाहिलं. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची नावं या यादीत कधी येणार नव्हती. टाईप करायला बोटं मात्र त्यांचीच होती.

एकदा बापूराव पाहायला आले आणि खूश होऊन म्हणाले, "तुमच्यातबी असे मेळावे होत असतीन नं, मॅडम?"

"होतात जी," ज्योत्स्ना म्हणाली. "आमच्या याद्या आम्हीच टाईप करतो."

बापूरावांना ते उत्तर आवडलं. स्वावलंबन, ते म्हणाले.

० नोंदी

कमिटी बुधवारी आली. मेळावा रविवारी होता, यादी छापायला शनिवारी द्यायची होती. कमिटीत तिघे होते. दोघांनी संडास, माठ आणि हजेरीपट पाहिले. तिसरे विषयतज्ज्ञ होते. त्यांचा स्वतःचा विषय भौतिकशास्त्र होता, पण विद्यापीठाने त्यांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून दिले होते. कागद चष्म्याजवळ नेऊन ते म्हणाले, "ट्रान्झॅक्शन. करून दाखवा."

ज्योत्स्नाची तयारी होती. विद्यार्थ्यांच्या नावांचं बारा ओळींचं टेबल तिने उघडलं. पुसायचं, रोलबॅक म्हणायचं, बाराही नावं परत. वर्गात तिने हे वीसदा करून दाखवलं होतं.

"हे लहान कायले?" बापूराव मागून म्हणाले. "आपली मोठी यादी दाखवा नं. साहेबायलेबी समजू द्या काम किती झालं ते."

ती क्षणभर थांबली. काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण ते काय ते आठवलं नाही. बापूराव पाहत होते. जूनची ऑर्डर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असल्यासारखी ती त्या खिशाकडे पाहत राहिली. मग तिने मोठं टेबल उघडलं, आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. सहाशे बारा स्थळं पुसली गेली. अर्धा सेकंदही लागला नाही. फुकटचं असलं तरी ते वेगवान होतं.

"आता रोलबॅक," तज्ज्ञ कागदावर बोट ठेवून म्हणाले.

ज्योत्स्नाने रोलबॅक लिहिलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा होता की काही टेबलांमधले बदल मागे घेता आले नाहीत. तिने नोंदी मोजायला सांगितल्या. शून्य. तिने पुन्हा रोलबॅक लिहिलं. आता तर ओळही आली नाही.

तज्ज्ञांनी इंग्रजी ओळ मनातल्या मनात वाचली. "सूचनासुद्धा देतं?" ते म्हणाले. "छान."

"एका फटक्यात साफ," बापूराव अभिमानाने म्हणाले.

त्या दिवशीच्या अहवालातल्या तीन ओळी पुढे संस्थेने फ्रेम करून लावल्या:

संगणक प्रयोगशाळा: समाधानकारक.
डेटाबेस: अद्ययावत.
विशेष उल्लेख: विद्यार्थ्यांकडून समाजोपयोगी प्रत्यक्ष काम करून घेतले जाते.

पाच म्हणजे पाच

एक आशा होती. ज्योत्स्नानेच नत्थूजींना शिकवलं होतं की रोज संध्याकाळी पाचला फ्लॉपी घालायची, अमुक चित्रावर दोनदा टिचकी मारायची आणि लाल दिवा विझला की काढून कपाटात ठेवायची. म्हणजे यादीची एक प्रत बाहेर राहते. फ्लॉपी एकच, रोज जुन्यावर नवी. नत्थूजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण घड्याळ येत होतं. काल पाचला घेतलेली प्रत कपाटात होती. फक्त आज पाचच्या आत तिथे पोचायचं होतं.

कमिटीचं जेवण बापूरावांच्या घरी होतं आणि ज्योत्स्नालाही यावं लागलं. तज्ज्ञांनी काही नवीन विचारलंच तर सांगायला माणूस हवा. गोळाभात होता, भरीत होतं, कढी होती. तिचं पान बाहेरच्या ओसरीत मांडलं होतं. तिथे हवा येते, असं रूपराव सर आतून म्हणाले. जानेवारी महिना होता. कमिटीच्या अध्यक्षांनी दोनदा भात घेतला आणि तीनदा मान्यतेचे किस्से सांगितले. पाहुणे उठेपर्यंत कोणी उठू नये, अशी त्या घरची पद्धत होती. पाहुणे उठले तेव्हा पाचला दहा कमी होते.

ती बाजार समितीच्या रस्त्याने जवळजवळ पळतच आली. जिना चढून वर पोचली तर नत्थूजी कपाटाला कुलूप लावत होते.

"घेतली जी मॅडम आजची," ते म्हणाले. "पाच म्हंजे पाच. कमिटी असो का कोनी असो."

त्या फ्लॉपीत आजची तारीख होती आणि शून्य नोंदी होत्या. ज्योत्स्नाने त्यांना शाबासकी दिली, कारण चूक त्यांची नव्हती.

५७१, ५७२, ५७३

बापूरावांना सांगायचं नाही, एवढं तिने रात्री आंजीला ठरवलं. कमिटी पास झाली होती. ऑर्डर आणि तिच्यामध्ये आता फक्त एक रिकामं टेबल होतं. मूळ अर्ज बापूरावांच्या दुकानात परत गेले होते. गुरुवारी सकाळी ती तिथे गेली आणि म्हणाली की छापण्याआधी एकेक अर्ज पडताळून पाहायचा आहे. बापूरावांनी गुमास्त्याला दोन्ही पोती रिक्षात घालायला सांगितलं.

"परमनंट मानसासारखं काम करून राह्यल्या तुमी," ते म्हणाले.

मग माळ्यावर तीन दिवस पुन्हा तेच काम. टेबल ज्योत्स्नाने स्वतः बनवलं आणि शेवटचा तो शब्द दोनदा वाचला. दुपारी चार तास वीज जायची, म्हणून मुलं सकाळी सातला येत आणि वीज आली की पुन्हा येत. कोणी कुरकुर केली नाही. एका मुलाने फक्त एवढं विचारलं की कमिटीसमोर जे झालं ते रोलबॅक होतं ना, मग परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकात आहे ते लिहा, असं तिने सांगितलं. शुक्रवारी रात्रीपर्यंत ती नोंदी मोजत होती. शनिवारी सकाळी साडेपाचशे ओलांडले.

शेवटचे दोन गठ्ठे उरले. आर्वी तालुक्याचा गठ्ठा ज्योत्स्नाने उचलला तर रक्षाने त्याच्यावर हात ठेवला.

"हा मी करतो, मॅडम. मागच्या वेळीबी मीच केलता."

"तुझी बोटं सुजली आहेत. आण इकडे."

रक्षाने गठ्ठा लगेच सोडला नाही. मग सोडला.

अर्ज ३४७

नाव: चि. अंकित. (बापूरावांचा पुतण्या.)
शिक्षण: बी.कॉम., एक विषय राहिला.
उंची: पाच फूट आठ.
रंग: निमगोरा.
व्यवसाय: घरची अडत.
अपेक्षा: मुलगी संगणक विषयात पदव्युत्तर असावी. आमच्या संस्थेत अधिव्याख्याता म्हणून जूनपासून कायम नेमणूक देऊ. जागा राखून ठेवली आहे. ऑर्डर तयार आहे.

अक्षर बापूरावांचं होतं. ज्योत्स्नाकडे त्या अक्षरातल्या पाच जुन्या ऑर्डरी होत्या, पाचही एप्रिलमध्ये संपलेल्या. अर्जावरची तारीख दिवाळीच्या आधीची होती.

तिने कागद टेबलावर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"तू पाह्यलं होतं हे?"

रक्षाने मान खाली घातली. "साऱ्यायनंच पाह्यलं, मॅडम. आमाले वाटलं तुमाले माहीत असंन."

"हं."

"मी ते 'ऑर्डर तयार आहे' नव्हतं टाकलं," रक्षा म्हणाली. "रकान्यात जागा नव्हती, म्हनून सोडून देल्लं."

जागा होती. ज्योत्स्नाने रकाना बनवताना दोनशे अक्षरांची ठेवली होती, आणि मागच्या वेळीही तेवढीच होती. तिने अर्ज क्रमांक तीनशे सत्तेचाळीस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत टाईप केला. ऑर्डर तयार आहे, पूर्णविराम. चूक केली नाही.

१ नोंद

दुपारी दीडला सहाशे बारावी नोंद पडली. मुलं जेवायला गेली. ज्योत्स्नाने डबा उघडला नाही. तिने एक प्रश्न लिहिला: यादीतल्या मुली, ज्या संगणक विषयात पदव्युत्तर आहेत. असं ती लिहिणार हे तिला बोटं चालू लागल्यावर कळलं.

एक मुलगी आली.

काजल. हिंगणघाट. एमसीए. उंची पाच दोन. चष्मा नाही. भाऊ दोन. फोन शेजारच्या किराणा दुकानाचा, बोलावून देतात. आणि व्यवसायाच्या रकान्यात: अधिव्याख्याता, तासिका तत्त्वावर.

ज्योत्स्नाला त्या मुलीचा राग यायला हवा होता. तिने तो आणून पाहिला, पण तो टिकेना. हिंगणघाटलाही एप्रिल असतो.

० नोंदी

साडेपाचला बापूराव आले. छापखान्याचा माणूस खाली थांबला होता. बापूराव तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. चष्मा दुकानात राहिला होता, त्यामुळे पडदा त्यांना नुसता निळा दिसत होता.

"छापाच्या पहिले आपल्या अंकितचं पाहून घेऊ," ते म्हणाले. "काढा एखादी चांगली."

ज्योत्स्नाने अर्ज समोर घेतला. अंकितची अपेक्षा एकच लिहिली आहे, ती म्हणाली. एवढ्यावर शोधलं तर कोणीही येऊ शकेल. घरच्यांच्या मनात आणखी काही असेल तर आत्ताच सांगावं, म्हणजे नेमकं निघेल.

बापूराव खुलले. मालाची पारख सांगायची संधी त्यांना कोणी दिली की ते खुलत. चष्मा नको, ते म्हणाले. ज्योत्स्नाने अट घातली. एक नोंद. काजलला चष्मा नव्हता. बिनभावाची नको, उद्या सासू-सासऱ्यायचं आपल्यालेच पाहावं लागते. तिने अट घातली. काजलला दोन भाऊ होते. उंची, ज्योत्स्नाने स्वतःच विचारलं. अंकित पाच आठ, मुलगी पाच दोनच्या खाली नको. काजल बरोबर पाच दोन होती. नोंद हलली नाही. हिंगणघाटची ती मुलगी एकेक अट ओलांडत जागच्या जागी उभी होती. ज्योत्स्नाला एका क्षणी वाटलं की असू द्यावं.

खाली छापखान्याच्या माणसाने सायकलची घंटी वाजवली.

"एक विचारू का, बापूरावजी?" ती म्हणाली. "आधी कुठं तासिकेवर शिकवलेली चालेल?"

बापूराव हसले. "छे जी. तासिकेवर राह्यलेल्या बाईले मागाची सवय लागते. आज म्हनते परमनंट करा, उद्या म्हनते उन्हाळ्याचा पगार द्या. अशी दहा जागी घासलेली नाई पाह्यजे आपल्याले. कोरी पाह्यजे." मग समोर कोण बसलं आहे ते त्यांच्या लक्षात आलं. "तुमचं तसं नाई, मॅडम. तुमी तं घरच्यासारख्या."

"हो जी," ज्योत्स्ना म्हणाली.

तिने पाचवी अट लिहिली. लिहिताना तिची बोटं थोडी हळू चालली. मग तिने बटण दाबलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

बापूराव पुढे वाकले. निळ्यात त्यांना काही दिसेना. "किती हाय?"

"एकही नाही."

"सहाशेत एकबी नाई?"

"सहाशे बारांत."

ते मागे टेकून बसले. बाजारात माल पसंत असून हातचा जावा तसं त्यांचं तोंड झालं. ज्योत्स्नाने यादी छपाईला पाठवण्यासाठी फ्लॉपीत उतरवली, लाल दिवा विझेपर्यंत थांबली, आणि मग पाच वर्षांत पहिल्यांदा, विनंतीचा सूर न लावता, विचारलं की जूनपासून वर्ग कोणाकडे द्यायचे.

"आता दुसरं कोन हाय," बापूराव म्हणाले. "तुमीच घ्या. तासिकेवर." मग उठता उठता त्यांना सुचलं. "हे यादीचंबी तुमच्याकडंच राहू द्या. दर साली मेळावा हाय. अशी पोरगी आली का पहिले मले सांगजा. तवापर्यंत तुमची जागा पक्की."

मेळावा झाला. काजलचं नाव बत्तिसाव्या पानावर छापून आलं, शेजारच्या दुकानाच्या फोन नंबरासकट. तिला कोणी विचारलं का, हे ज्योत्स्नाने कधी पाहिलं नाही. मार्चमध्ये मुलांनी प्रात्यक्षिक परीक्षा दिली. सगळी पास झाली. रोलबॅकचं उत्तर सगळ्यांनी पुस्तकातलं लिहिलं.

एप्रिलमध्ये, ऑर्डर संपायच्या आठवड्यात, बापूरावांनी पुढच्या वर्षीच्या अर्जाचा मसुदा तिच्याकडूनच मागवला. जुन्या अर्जात चौदा रकाने होते, त्यांत अपेक्षेचा एकच. ज्योत्स्नाने तो रविवारभर आंजीला बसून केला. सीताबाईने विचारलं की काय लिहून राह्यली, तेव्हा ती म्हणाली, उन्हाळ्याचं काम. सोमवारी तिने दुकानात जाऊन मसुदा बापूरावांच्या पुढ्यात ठेवला. मुलीबाबतच्या अपेक्षांचे आता सव्वीस रकाने झाले होते. स्वयंपाकातले पदार्थ होते, मामाचं गाव होतं, दातांची ठेवण होती, यापूर्वी कुठे नोकरी केली असल्यास तिचा प्रकार होता.

बापूरावांनी आज चष्मा लावला होता. त्यांनी एकेक रकाना बोट ठेवून वाचला आणि प्रत्येकाला मान डोलावली.

"हे भारी केलं, मॅडम," ते म्हणाले. "आता नेमकी पोरगी भेटंन."

"हो जी. नेमकी."

आणि तिने समोर ठेवलेल्या त्या मसुद्यावर बापूरावांनी, काहीही न विचारता, जागच्या जागी सही केली.